करंगळी धरून गाणारी पोरं

वाचणाऱ्यानं आधी मला माफ करावं. माझं अक्षर म्हणजे वाफ्यातून कोंबड्या फिरून गेल्यासारखं, आणि ऱ्हस्व कुठं, दीर्घ कुठं, हे चौथीत असतानाही कळत नव्हतं. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. नंतर पेन हातात धरलं ते फक्त सहीपुरतं. पण नंदा मागंच लागली. म्हणाली, "माय, तू लिही त खरी. चुका मी पाह्यते. आत्याबद्दल तुह्याइतकं कोणाले ठाव हाये?" कुणाला दाखवावं म्हणून हे लिहीत नाही. बोलायला मला जमत नाही. चार माणसांत माझा आवाज घशातच राहतो. म्हणून कागदावर बोलते आहे.

काशीताई गेल्याची बातमी मला मेथीच्या वाफ्यात कळली. तिच्या पायावर सूज होती, हृदय थकलंय असं डॉक्टर म्हणाले होते, आणि आमचे हे तिच्याजवळ कारंजाच्या दवाखान्यात होते. सकाळी नंदा धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, अनवाणी आली. फोन तिच्या हातात होता. माझ्याजवळ बसली आणि मेथी उपटायला लागली. मला कळलं होतं. दोघींनी ती ओळ संपवली, मुळांची माती झटकली, आणि मग ती म्हणाली, "माय, आत्या गेली." त्याला आता दीड महिना झाला.

काशीताई माझी नणंद. जन्मली तेव्हापासून घरच्यांनी तिला यांचा धाकटा भाऊ म्हणून वाढवलं, पण ती लहानपणापासून स्वतःला मुलगीच म्हणायची. चौदा-पंधरा वर्षांची असताना तिनं ते घरात स्पष्ट सांगितलं आणि माझ्या सासऱ्यांनी तिला त्याच दिवशी घराबाहेर काढलं. कामरगावच्या स्टँडवरून ती अमरावतीला गेली. तिथं तिच्यासारख्या बायांमध्ये राहिली, काशी हे नाव तिनं स्वतः घेतलं, आणि भजनात गात गात तिचा आवाज तयार झाला. माझं लग्न त्यानंतरचं. घरात तिचं नाव कुणी काढत नसे. सासऱ्यांच्या तेरवीला ती आली तेव्हा मी तिला पहिल्यांदा पाहिलं. उंच, गव्हाळ, हातात हिरव्या बांगड्या, आणि आवाज असा की ढोल वाजावा. तेरवी आटोपून ती पिशवी उचलून निघाली, तेव्हा आमचे हे, जे माझ्यापेक्षा थोडंच जास्त बोलतात, ते दारात उभे राहून म्हणाले, "आता कायले जाते? मोटारीची खोली रिकामीच हाये." विहिरीजवळ पंपाची मोटार ठेवायला बांधलेली ती खोली. ती राहिली.

आमचा भाजीपाल्याचा मळा आहे. मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, हिवाळ्यात वांगी. संध्याकाळी मी जुड्या बांधत बसायची आणि काशीताई माझ्यासमोर येऊन बसायची. मी मान खाली घालून बांधत राहायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती म्हणाली, "वहिनी, तुह्या तोंडात दात हायेत का नाई? एकडाव हासून दाखव, मी मोजून घेते." मला हसू आलं. ती लगेच ओरडली, "हायेत, हायेत! पुरे हायेत!" त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलायला लागले. लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, पण मी काय बोलते हे ऐकायला मुद्दाम थांबणारं माणूस मला तेव्हा भेटलं.

नंदा माझं एकुलतं एक लेकरू. पाळण्यात आम्ही तिचं नाव नंदकिशोर ठेवलं होतं. मी इथं पहिल्यापासून तिला मुलगीच लिहिते आहे, कारण ती मुलगीच आहे. पण हे समजायला मला वेळ लागला, आणि समजायच्या आधी मला फक्त भीती वाटत होती. ती माझी ओढणी घेऊन आरशासमोर उभी राहायची, तेव्हा मला कामरगावचा स्टँड दिसायचा. शाळेत मुलं तिला बायल्या म्हणायची, तिच्या चालण्याची नक्कल करायची. मुलांच्या मुतारीत जायची भीती, मुलींच्या जागी जाता येत नाही, म्हणून ती दिवसभर पाणीच प्यायची नाही. पाण्याची बाटली सकाळी भरून न्यायची आणि तशीच भरलेली आणायची. ते मी पाहत होते, आणि कुणाला सांगावं हे कळत नव्हतं. एका संध्याकाळी काशीताईच्या खोलीच्या आतून मला नंदाचा आवाज ऐकू आला, "आत्या, मी तुह्यासारखी हावो." काशीताई म्हणाली, "मले माईत हाये. तुह्या मायले बी माईत हाये. बाहेर सांबार घेऊन बसली हाये ती, अन् एकच जुडी मंघानपासून बांधून राह्यली." खरंच माझ्या हातात तीच जुडी होती.

शाळेत राऊत मॅडम होत्या. चित्रकला शिकवायच्या, आणि संगीताला वेगळे शिक्षक नाहीत म्हणून समूहगानही त्यांच्याच गळ्यात पडलं होतं. मूळच्या अमरावतीच्या. एकदा भाजी घ्यायला मळ्यावर आल्या आणि पाटाला पाणी सोडताना काशीताई गात होती ते ऐकत उभ्या राहिल्या. पिशवी हातात तशीच. मग म्हणाल्या, "ताई, आमच्या मुलांना समूहगान शिकवाल का?" काशीताई हसली. "मॅडम, तुमी मले नीट पाह्यलं नाई वाटते." मॅडम म्हणाल्या, "पाहिलं म्हणूनच विचारते. नंदाला मुलं काय म्हणतात ते मला माहीत आहे. वर्गात मी समजावून सांगितलं. मुलं माना डोलावतात आणि मधल्या सुट्टीत पुन्हा तेच करतात. भाषण ऐकताना माणूस झोपू शकतो. पण एकत्र गाताना शेजारच्याचं ऐकावंच लागतं. मला त्यांना ती सवय लावायची आहे, आणि ती तुमच्याकडून लागावी असं वाटतं."

मुख्याध्यापक भले माणूस, पण घाबरट. त्यांनी पालकांची सभा बोलावली. मी मागं भिंतीला टेकून बसले होते. गजूभाऊ उभे राहिले. ते आमच्या गावातले मोठे सोयाबीनवाले. त्यांचा आकाश नंदाच्याच वर्गात होता आणि नक्कल करणाऱ्यांत सगळ्यांत पुढं तोच होता. गजूभाऊ म्हणाले, "गाणं शिकवाले गावात माणसं नाईत का? हे काय शिकवणार पोरायले, टाळ्या वाजवणं?" काही जण हसले. मला वाटलं धरणी दुभंगावी. काशीताई शांतपणे उठली आणि म्हणाली, "गजूभाऊ, टाळी शिकवाची झाली त पयले तुमाले शिकवावं लागन. भजनात पाह्यते ना मी. सारं गाव एकीकडं अन् तुमची टाळी दुसरीकडं." मग जे हसू फुटलं त्यात गजूभाऊंची बायको सगळ्यांत आधी. मुख्याध्यापकांनी तेवढ्या हशात परवानगी देऊन टाकली. मला वाटतं नंतर त्यांना धैर्य झालं नसतं.

सकाळच्या परिपाठाला मुलं एका रांगेत आणि मुली एका रांगेत उभ्या राहतात. सगळ्याच शाळांत राहतात. नंदाचे हाल तिथूनच सुरू व्हायचे. काशीताईनं पहिल्या दिवशी ती रांगच मोडली. एकेकाला म्हणायला लावलं आणि आवाज ऐकून उभं केलं. बारीक आवाज इकडं, जाड आवाज तिकडं. पाचवी-सहावीची पोरं बारीक आवाजात मुलींशेजारी आली, नववीतली सुमन जाड आवाजात मुलांमध्ये गेली आणि नंदा बारीक आवाजाच्या रांगेत शेवटी उभी राहिली. तिच्या बाजूला, जाड आवाजाच्या रांगेच्या टोकाला, नेमका आकाश आला. "मॅडम, मी पोरीयच्या बाजूनं नाई उभा राह्यत," असं कुणीतरी म्हणालं. काशीताई म्हणाली, "रांग आवाजाची हाये बाप्पा. माणसाची नाई."

आणि मग तिनं करंगळीचं काढलं. भजनात एक जण ओळ म्हणतो आणि बाकीचे मागून सूर धरतात, त्याला झील म्हणतात. झिलकऱ्यांनी सगळ्यांनी एकदम श्वास घेतला तर सूर तुटतो. म्हणून काशीताई सगळ्यांना एकमेकांची करंगळी धरायला लावायची. ज्याचा दम संपत आला त्यानं शेजारच्याची करंगळी दाबायची. दाबली की शेजारच्यानं समजायचं, आता हा श्वास घेतो, मला थांबायचं नाही. त्याचा श्वास झाला की मग आपली पाळी. असं केलं की माणसं बदलत राहतात पण सूर सुरूच राहतो. आणि तिचा एकच नियम होता, जो ओळ म्हणतो तो पुन्हा सुरू होईपर्यंत झील सोडायची नाही.

आकाशनं नंदाची करंगळी धरली नाही. हात खिशात घातला. काशीताई रागावली नाही. ती स्वतः दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली, एका हातात नंदाची करंगळी, दुसऱ्यात आकाशची. तिची करंगळी धरायलाही तो तयार नव्हता, पण ती म्हणाली, "धर, धर. माह्या बोटाले काटे नाईत." असं कितीतरी दिवस चाललं. शाळेच्या कुंपणाची भिंत कमरेएवढी आहे. पोरांना घ्यायला येणाऱ्या बाया तिथं थांबायला लागल्या. कुणी तांदूळ निवडायची, कुणी शेंगा सोलायची. मीही जुड्या घेऊन तिथंच बसायची. पोरांसोबत आम्हा बायांनाही ते गाणं पाठ झालं. गाणं काशीताईनंच जोडलं होतं, माझ्यासमोर जुड्या बांधता बांधता:

वाफा मेथीचा, वाफा सांबाराचा,
पाणी एका पाटाचं, येऊ द्या गं येऊ द्या...

एका दिवशी आकाशचा दम संपला आणि त्यानं काशीताईची करंगळी दाबली. तिला त्याच वेळी खोकला आला. त्या टोकाला सूर तुटणार, तेवढ्यात नंदानं तो धरला, एकटीनं, आकाशचा श्वास होईपर्यंत. तो तिच्याकडं बघत राहिला. दुसऱ्या दिवशी काशीताई मधे उभी राहायला गेली तर तो म्हणाला, "बाई, तुमी समोर उभ्या राहा. आमाले तुमचा हात दिसत नाई." तिनं लगेच मान वळवली आणि आम्हा बायांकडं बघून डोळा मारला.

पण त्याच दिवसांत नंदाचा आवाज फुटला. पंधरावं लागलं होतं. बारीक आवाज एका आठवड्यात जाड आणि चिरका झाला. तिनं गाणं सोडलं, मग बोलणं सोडलं, मग शाळाही. गोधडी तोंडावर घेऊन पडून राहायची. यांना ते पाहवेना. त्यांनी ठरवलं की शाळा बंद करून तिला पुण्याला चुलत भावाकडं कंपनीच्या कामाला पाठवायचं. मनानं वाईट नाहीत ते. त्यांना वाटलं, इथं रोज मरण्यापेक्षा गेलेली बरी, तिथं कुणी ओळखणार नाही. मी काही बोलले नाही... बोलता आलं नाही. नंदानं ते ऐकलं आणि दुसऱ्या सकाळी ती घरात नव्हती.

बाजाराचा दिवस होता. मी भाजीची पाटी डोक्यावर घेऊन निघालेच होते. काशीताई म्हणाली, "कामरगाव. स्टँड. चाल लवकर." पाटी खाली ठेवायचं सुचलंच नाही, तशीच तिच्यामागं धावले, मिळाली त्या जीपमध्ये पाटी मांडीवर घेऊन बसले आणि उतरताच पुन्हा डोक्यावर घेतली. नंदा स्टँडवर बाकावर बसली होती, शाळेचं दप्तर मांडीवर. अमरावतीची गाडी लागलेली होती. काशीताई तिच्या शेजारी बसली. दमली होती. म्हणाली, "जायचं असंल त जा. मी धरून ठेवणार नाई. मी बी याच बाकावर बसली होती."

नंदा म्हणाली, आणि ते बोलतानाही तिचा आवाज फाटला, "मी आता पोरगी कशी राहीन आत्या? आवाज आयकला ना माहा?"

"अन् माहा आयकला का तू? ढोलावानी हाये. साऱ्या अमरावतीत आयकू जाते. मी कमी बाई झाली का त्यानं?"

गाडीचा वाहक ओरडत होता. काशीताई म्हणाली, "लोक म्हणतात, काशी घर सोडून गेली म्हणून गाणं शिकली. खोटं हाये ते. घरी राह्यली असती तरी मी गायलीच असती. वरून मायच्या हातची भाकर बी खाल्ली असती. फरक एकच हाये पोरी. मी बसली होती तवा माह्या मांगं कोणी आलं नव्हतं. तुह्यी माय पाह्य बरं. डोक्यावरची पाटी उतरवाचं बी भान नाई तिले."

नंदानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मी तिथं मेथीची पाटी डोक्यावर घेऊन उभी होते. नंदा आधी हसली, मग रडली, मग उठून तिनं माझी पाटी उतरवून घेतली. गाडी गेली. आम्ही तिघींनी तिथंच बसून ती मेथी विकली.

घरी आल्यावर काशीताईनं यांना सांगितलं, "दादा, पोरायची गाण्याची स्पर्धा होऊ दे. मंग तुले वाटलं त पाठव पुण्याले. मी एक शब्द बोलणार नाई." हे म्हणाले, "बरं." दुसऱ्या दिवशी तिनं नंदाला जाड आवाजाच्या रांगेत नेलं, सुमनच्या पलीकडं. "इथं बी पोरगी उभी हायेच," म्हणाली. आणि मुख्य ओळ म्हणायला तिलाच दिली. नंदाच्या बाजूला पुन्हा आकाश आला. तो काही न बोलता करंगळी पुढं करून उभा राहिला.

तालुक्याची स्पर्धा कारंजाला होती. राऊत मॅडमनी सगळ्या पोरांना एकच वेश ठरवला, पांढरा सदरा, पायजमा आणि गळ्यात पिवळा दुपट्टा. त्यात मुलगा-मुलगी हा प्रश्नच उरला नाही. नंदानं डोळ्यांत काजळ घातलं होतं. पोरं जीपनं गेली आणि आम्ही बाया आमच्या भाजीच्या टेम्पोत. हे टेम्पो चालवत होते. गजूभाऊ स्वतःच्या गाडीनं आले होते. पोराला बघायला आले होते की चुका काढायला, ते त्यांनाच माहीत. सभागृह भरलेलं होतं, मागच्या बाजूला दुसऱ्या शाळांची मोठी पोरं उभी होती.

नंदा रांगेतूनच अर्धं पाऊल पुढं सरकली आणि तिनं ओळ उचलली. तो नवा जाड आवाज, आणि डोळ्यांत काजळ. मागून कुणीतरी शिट्टी मारली. मग एक जण ओरडला, "छक्का!" आणि हशा झाला. नंदाचा आवाज चिरला आणि बंद झाला. ती तशीच उभी, तोंड उघडं, आवाज नाही. मला वाटलं, गेली... आता ती मंचावरून उतरेल आणि जाईल, आणि या वेळी काशीताईलाही सापडणार नाही.

पण सूर तुटला नव्हता. नंदानं आकाशची करंगळी दाबली होती आणि त्यानं झील धरली होती. त्याच्या बाजूच्यानं धरली. दोन्ही रांगांनी धरली. "येऊ द्या..." चा तो "आ" चालूच राहिला. एक दमला की दुसरा, दुसरा दमला की तिसरा. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. वेळ संपल्याची घंटी वाजली. पोरं थांबली नाहीत. ओळ म्हणणारी सुरू होईपर्यंत सोडायचं नाही, एवढंच त्यांना शिकवलं होतं. घंटी वाजल्यावर काय करायचं ते काशीताई शिकवायला विसरली होती! ती बाजूला पडद्याजवळ उभी होती आणि तिलाही काही सुचत नव्हतं. लहान पोरांचे चेहरे लाल झाले होते. घंटी पुन्हा वाजली.

तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या गजूभाऊंच्या बायकोनं सूर धरला. तीही भिंतीजवळ शेंगा सोलत बसायची ना रोज. मग सुमनच्या आईनं. मग आमची सगळी रांगच. गजूभाऊंच्या बायकोनं माझी करंगळी पकडून दाबली... आणि माझ्या तोंडातून आवाज निघाला. मी, जी बाजारात गिऱ्हाइकाला भाव सांगत नाही, ती भरल्या सभागृहात गात होते. समोरून पोरांचा सूर आणि मागून आयांचा. मागची हसणारी पोरं गप्प झाली. त्या आवाजात हसायला जागाच राहिली नव्हती. नंदानं आमच्याकडं पाहिलं, एक लांब श्वास घेतला, आणि त्याच जाड आवाजात पुन्हा सुरुवात केली. "वाफा मेथीचा..." सबंध गाणं म्हटलं तिनं. शेवटपर्यंत.

टाळ्या इतका वेळ वाजल्या की पुढच्या शाळेला ताटकळत उभं राहावं लागलं. वेळेचा नियम मोडला म्हणून आमचे गुण कापले आणि आमचा नंबर आला नाही. पण बक्षिसं वाटून झाल्यावर परीक्षकांतल्या एक म्हाताऱ्या बाई माईकवर आल्या आणि म्हणाल्या, "ज्यांना घंटी ऐकू येत नाही त्या शाळेनं पुन्हा एकदा गावं. आता वेळेची अट नाही." पुन्हा गायलो. आम्ही बायासुद्धा.

बाहेर टेम्पोजवळ गजूभाऊंनी आकाशला धरलं. "काय बे, घंटी आयकू नाई आली का तुले? नंबर गेला ना हातचा!"

आकाश म्हणाला, "आली ना. पण नंदानं बोट सोडलं नव्हतं."

गजूभाऊ काहीतरी बोलणार होते. त्यांची बायको मधेच म्हणाली, "चाला आता, गाडी काढा. मी टेम्पोत जाऊन राह्यली, बायांसोबत." आणि ती खरंच आमच्या टेम्पोत चढली. घरापर्यंत आम्ही गात आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात उभी होते. यांनी फटफटी बाहेर काढली. मला वाटलं आता पुण्याचं निघणार. ते नंदाला म्हणाले, "बस मांगं. शाळेची वेळ झाली." पुण्याचा विषय घरात परत कधी निघाला नाही.

त्यानंतरची दोन वर्षं काशीताईची होती. परिपाठाच्या रांगा आवाजाप्रमाणेच राहिल्या. नव्यानं आलेल्या एका शिक्षकानं मुलं-मुली वेगळ्या करायला पाहिल्या, तर पोरंच म्हणाली, "सर, मंग सूर कसा लागन?" राऊत मॅडमनी मुख्याध्यापकांकडून नंदाला शिक्षिकांच्या संडासाची किल्ली मिळवून दिली आणि तिची पाण्याची बाटली रिकामी होऊन घरी यायला लागली. संक्रांतीला गजूभाऊंच्या बायकोनं काशीताईला हळदीकुंकवाला बोलावलं. काशीताई मला म्हणाली, "वहिनी, कोणती साडी नेसू? आजवर लोकायनं मले आशीर्वाद मांगाले बोलावलं, नाईत हाकललं. वाण द्याले कोणी बोलावलं नव्हतं." गेली, आणि वाण म्हणून मिळालेला स्टीलचा डबा सगळ्या गल्लीला दाखवत आली. गजूभाऊ मात्र भजनात टाळी वाजवायला लागले की आधी तिच्याकडं बघायचे. ती मान हलवायची, मग वाजवायचे.

ती गेली तेव्हा नात्यातल्या एकानं विचारलं, हिचं सगळं पुरुषाचं करायचं की बाईचं. आमचे हे म्हणाले, "माह्यी बहीण हाये. साडी आणा." एवढंच. पुढं कुणी विचारलं नाही. खांद्याला यांच्यामागं गजूभाऊ होते. शाळेनं पोरांना सोडलं होतं. ती दोन रांगांत, करंगळ्या धरून, गावाबाहेरपर्यंत गात आली. आमच्याकडं बाया मसणात जात नाहीत. वेशीवर आम्ही थांबलो आणि तिथून सूर धरला. त्या दिवशी रडताना मला एकदाही असं वाटलं नाही की ती हरून गेली.

मागच्या आठवड्यातली गोष्ट लिहून संपवते. दुपारी मी काशीताईच्या खोलीत झाडत होते. नंदा आता कारंजाला अकरावीत जाते आणि शनिवारी सकाळी शाळेत जाऊन राऊत मॅडमसोबत पोरांना समूहगान शिकवते. तिची खोलीही आता हीच. दारात एक बाई येऊन उभी राहिली. मानोऱ्याकडच्या तांड्यावरून आली होती, दोन गाड्या बदलून. सोबत अकरा-बारा वर्षांचं लेकरू, तिच्या पदराआड. म्हणाली, "गाणं शिकवणाऱ्या बाई इथंच राह्यतात का? आमच्या सरानं सांगतलं. माह्या लेकराले..." आणि तिला पुढं बोलता येईना. बोलता न येणं मला चांगलं ओळखू येतं.

मी म्हटलं, "बाई वारल्या." तिचा चेहरा पडला. लेकराचा हात धरून ती वळली. एरवी मी यांना हाक मारायला पळाले असते. त्या दिवशी हे बाजारात होते, आणि असते तरी मी हाक मारली नसती असं आता वाटतं. मी मोठ्यानं म्हटलं, "थांबा. बसा. माह्यी पोरगी शिकवते."

नंदा मोटार बंद करून येत होती. पाय चिखलानं भरलेले. तिनं ते ऐकलं आणि जागीच थांबली. परक्या माणसासमोर मी तिला पोरगी पहिल्यांदाच म्हटलं होतं. ती बाई नंदाकडं बघत राहिली, वरपासून खालपर्यंत. मग अगदी हळू, नंदाला ऐकू जाऊ नये म्हणून, तिनं मला विचारलं, "घरीच राह्यते का ही तुमची? सोडून नाई गेली?"

मी चटई झटकून अंथरली.

"घरीच हाये," मी म्हटलं. "ती जाईन कायले?"